जुन्या-नव्यांचा मेळ

महाविद्यालयीन संघाचे एक कायमचे दुखणे असते. खेळाडू कुठे तयार होतो, तोच त्याचे शेवटचे वर्ष संपते.

गतवर्षी आमच्या बास्केटबॉल संघातील जुन्या खेळाडूंत मी एक होतो. चुरशीच्या सामन्यात नवोदितांना बाकावर बसवून आम्ही पाच जुनेच खेळत राहिलो. चौथ्या सत्रात माझे पाच फाउल झाले आणि नियमाप्रमाणे मला बाहेर जावे लागले. माझ्या जागी आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलाला बचावाच्या आमच्या खुणाही ठाऊक नव्हत्या. सामना थोडक्यात गेला. दोष त्याचा नव्हता. न शिकवणाऱ्या आम्हा जुन्यांचा होता.

येथे १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आठवतो. अजित वाडेकरांच्या संघात तिशीच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या, तर पहिलीच मालिका खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी ७७४. भारताने मालिका १-० अशी जिंकली. अनुभव आणि उमेद तेथे एकाच वेळी मैदानात होती.

बास्केटबॉलमध्ये संघात बारा जण, मैदानात पाच. खेळाडू बदलण्यास मर्यादा नाही. म्हणून यंदा आम्ही ठरवले, की दहा मिनिटांच्या प्रत्येक सत्रात तीन जुन्यांबरोबर दोन नवे खेळवायचे. सोलापूरच्या उन्हामुळे सराव भल्या सकाळी असतो. त्या वेळी प्रत्येक ज्येष्ठाने आपल्या जागेसाठी एक नवोदित तयार करायचा.

यंदा माझे शेवटचे वर्ष. माझ्या जागेवर खेळणारा तो मुलगा आता खुणा स्वतः ओरडून सांगतो. मला निश्चिंतपणे जाता येईल.