धुराची खोली

अगं, काल तुझ्या आईचा फोन आला होता. ‘पोरगी मजेत आहे म्हणते, खरं ना?’ काय सांगणार होते मी? परवा ओट्याशी उभ्या उभ्या तू माझ्याकडचं सार प्यायलीस तेव्हा हात धरला तुझा, तर पेल्याहून तोच गरम. चार दिवस अंगात कणकण आणि आईला मेसेज ‘मजेत’! उद्या पेशंट असं खोटं बोलला तर त्याला झापशील की नाही?

रागावू नकोस. तुझ्या टेबलासमोर आनंदीबाई जोशींचा फोटो लावलाय ना, म्हणून बोलते. साडीतली आनंदी, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली. ऑक्टोबर १८८५ मधला फोटो तो, तिघी फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होत्या. त्याकडे बोट दाखवून तू म्हणालीस, ‘ताई, तिनं एवढं सोसलं, आणि मी साध्या तापानं रडू?’ हेच मला खटकलं बघ. शाळेत आपल्याला तिचं सोसणं तेवढं शिकवतात.

तिच्या खोलीचं ऐक. १८८३ च्या ऑक्टोबरात कॉलेज सुरू झालं तेव्हा ती अठरा वर्षांची. बर्फाचा मुलूख, आणि खोलीतली शेकोटी अशी की पेटवली की धूर आतच कोंडायचा. विझवली तर कुडकुडायचं, पेटवली तर खोकायचं. त्यात नऊवारीत पाय उघडे पडायचे, म्हणून ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली. शाकाहारी, त्यामुळे रांधायचंही स्वतःच. अभ्यास उरलेल्या वेळात, त्याच धुरात. मग आजारपणं. घटसर्पही होऊन गेला तिला.

सगळा दोष धुराचा, असं नाही म्हणत मी. इथून निघण्याआधीच डोकेदुखी, ताप, धाप तिच्या मागे लागली होती. पण ११ मार्च १८८६ ला पदवी घेतलेली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक ठरलेली ही मुलगी २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानं गेली. बावीसही पुरी नव्हती. त्या खोलीचं कौतुक कसं करू सांग? मला तर वाटतं कुणीतरी तिला हाताला धरून दुसऱ्या खोलीत न्यायला हवं होतं.

शिकायचंच तर तिच्या मावशीकडून शीक. न्यू जर्सीच्या रोझेल गावची ही थिओडिशिया कार्पेंटर. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना तिनं एका मासिकात आनंदीच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं. ना ओळख ना देख, तरी बाईनं आनंदीला पत्र लिहिलं. आनंदी तिला मावशी म्हणू लागली. इकडे ही आजारी, तर मावशीनं अमेरिकेहून औषधं धाडली. बोटीतून उतरल्यावर आधी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. परक्या गावात माणूस जोडणं म्हणतात ते हे.

तुझीही मावशी आहेच की. खालच्या मजल्यावरच्या आजी, मंगळवारी देवळात लिंबाचे दिवे लावायला जातात त्या. अर्धं लिंबू पिळून साल उलटी करायची, वाटीसारख्या खळग्यात तेल-वात. मी आले तेव्हा मला त्याचं भारी नवल. बादामीची बनशंकरी आमची कुलदेवता, म्हणून इथला बनशंकरीचा पत्ता ऐकूनच आमची आई निर्धास्त झाली होती, ‘देवीच्या पदरात चाललीय’ म्हणे! पहिल्याच पावसाळ्यात मला टायफॉईड झाला. घरी कळवलं, ‘परीक्षा आहेत, फोन करता येणार नाही.’ पीजीत कुणाला पत्ता नाही. शेजारच्या अज्जी कपडे वाळत घालताना माझ्या तोंडाकडे बघून थबकल्या आणि तासाभरात तांदळाची गंजी घेऊन दारात. कन्नड मला येत नव्हतं. त्यांनीच एक वाक्य घोकून घेतलं, ‘ननगे ज्वर बंदिदे.’ मला ताप आलाय. ‘किती’चं ‘एष्टु’ आणि ‘नको’चं ‘बेडा’ नंतर शिकलीस तरी चालेल, हे आजच पाठ कर.

आणि तुझी आई काही बोटीनं येणाऱ्या पत्राची वाट बघत बसलेली नाही. आनंदीची ख्यालीखुशाली घरी पोचेपर्यंत ताप येऊनही जायचा आणि दुसरा यायचा. तुला एक बटण दाबायचंय. ‘थोडं बरं नाही’ असलं गुळमुळीत नको. किती ताप, कधीपासून, काय औषध, सगळं सांग. रडली तर रडू दे. पुढच्या बसनं यायला निघाली तर येऊ दे, माझ्याकडे गादी आहे.

संध्याकाळी खिचडी टाकते, ये. आज ताप उतरलेला नसेल तर उद्या सकाळी आपण दोघी जाऊन रक्त तपासून येऊ; ‘लेक्चर आहे’ चालणार नाही. आणि येताना देवळाबाहेरून चार लिंबं आण. दिव्याला नाही गं, सरबताला.