भीतीलाही वहीत पान दे

ठसेकामाचा धंदा काढायचा म्हणतेस, तर ठसे, रंग आणि कापडाचे तागे घेण्याआधी एक वही घे. हिशेबाची वही वेगळी, ही मनाची. नोकरी सोडावी का, माल खपेल का, लोक काय म्हणतील, आपल्या हातात तेवढी कला आहे का, हे सारं तुझ्या डोक्यात रात्री एकाच वेळी बोलत असतं. त्यामुळे एकाचंही नीट ऐकू येत नाही.

तुझी आजी गोधड्या शिवून विकायची. तिच्या रोजखर्ड्यात दोऱ्याच्या रिळांच्या हिशेबाशेजारी, समासात, काळज्याही लिहिलेल्या असत. पुढे कधीतरी त्यांच्याखाली उत्तरं आलेली असत. मी छापकाम सुरू केलं तेव्हा तिने मला ती रीत दिली: मनातलं आधी कागदावर, मग घरच्यांसमोर आणि पैसा सगळ्यात शेवटी. कारखाना चालवताना मी ती पाळत आले. आता माझी थोडी भर घालून तुझ्या हाती देते.

समोरासमोरची दोन पानं एकत्र भर

वही उघडलीस की डावं पान स्वप्नाचं, उजवं भीतीचं. दोन्ही एकाच बैठकीत लिही. नुसतं स्वप्न लिहीत बसलीस तर मन तिथेच तृप्त होतं आणि हात कामाला लागत नाहीत. नुसती भीती लिहिलीस तर पाऊल उचलवत नाही. गाब्रिएल ओएटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या ज्या तरुणांनी यशाची गोड चित्रं जास्त रंगवली, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी केले आणि त्यांना पगारही कमी मिळाला, असं त्यांना आढळलं. इच्छा आणि तिच्या वाटेतला अडथळा लागोपाठ डोळ्यांसमोर आणले की माणूस जास्त नेटाने कामाला लागतो, हे त्यांच्या अभ्यासाचं सांगणं. आजीने हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण तिच्या समासात तेच होतं.

स्वप्नातला साधा मंगळवार लिही

‘माझा स्वतःचा ब्रँड असेल’ एवढं लिहून थांबू नकोस. तीन वर्षांनंतरचा एखादा साधा मंगळवार घे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत लिही. कुलूप कोण उघडतं? कोऱ्या कापडाची खळ कोण धुऊन काढतं? हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कापड कुठे वाळतं? तुरटीचा ठसा आणि लोखंड-गुळाच्या पाण्याचा काळा ठसा तू स्वतः मारतेस की कारागीर? मंजिष्ठेच्या कढईखालची आच कोण सांभाळतं? दुपारी दुकानदाराचा फोन आला तर ठसा खाली ठेवून तू तो घेतेस का? आणि पावसाळ्यात, कापड चार-चार दिवस वाळत नाही तेव्हा, तू काय करतेस?

असं लिहिलंस की तुझं तुलाच कळेल, तुला छापायचं आहे की कारखाना चालवायचा आहे. दोन्ही चांगलीच कामं, पण दिवस अगदी निराळे. छापणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या नावाने ऑर्डरवर काम केलं, शिकवलं, वर्षातून एखादं प्रदर्शन केलं, तरी त्याचं आयुष्य भरून जातं. कारखाना चालवणाऱ्याला मात्र अर्धा दिवस माणसं, वसुली आणि वाहतूक यांना द्यावा लागतो. मंगळवार लिहिताना ज्या तासांना पेन आपसूक पळतं, त्या तासांखाली रेघ मार. जिथे ते अडतं तिथेही मार. तुझा धंदा त्या रेघांना धरून उभा कर.

प्रत्येक भीतीचा प्रश्न कर

‘सगळं बुडालं तर’ ही भीती कोणालाच उत्तर देता येणार नाही इतकी मोठी आहे. तिचे तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येईल असं लिही. मग पाहा, त्यातले बरेचसे प्रश्न एका फोनने, एका हिशेबाने किंवा एका नमुन्याने सुटणारे निघतील.

‘रंग गेला तर?’ हा नमुन्याचा प्रश्न. मांजरपाटाच्या तुकड्यावर छाप, त्याचे भाग कर. एक साबणाने धू, एक अर्धा झाकून उन्हात ठेव, एक ओला करून पांढऱ्या कापडावर घास. तिन्ही तुकडे वहीतच डकव, खाली तारीख घाल. पुढे एखादं गिऱ्हाईक रंगाबद्दल विचारेल तेव्हा तुझ्या आवाजात खात्री असेल.

‘माझी नक्षी कोणी चोरली तर?’ हा चौकशीचा प्रश्न. आपल्याकडे २०००चा डिझाइन कायदा आहे. नवी, आधी कुठेही जाहीर न झालेली नक्षी नोंदवली तर दहा वर्षं हक्क मिळतो आणि तो आणखी पाच वर्षं वाढवता येतो. पण नक्षी आधी लोकांसमोर आली की नोंदणीची वाट सहसा बंद होते. म्हणून फोटो टाकण्याआधी ठरव, ही नोंदवायची की नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेली बुट्टी कोणाच्याच एकट्याच्या मालकीची होत नाही. तिथे तुझी ओळख रंगसंगतीत आणि हाताच्या सफाईत.

‘दुकानदाराने पैसे अडकवले तर?’ यालाही कायद्यात उत्तर आहे. स्वतः माल बनवणाऱ्या छोट्या उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत, असं २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. त्यासाठी उद्यम नोंदणी करून घे. ती ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत. जाकड, म्हणजे न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर, दिलेला माल मात्र विकला जाईपर्यंत तुझाच असतो, म्हणून किती नग, किती दिवस आणि खराब झाला तर कोणाचा, हे माल पाठवण्याआधी लिहून सही घे.

काही भीतींना उत्तर नसतंच. लोकांची आवड बदलेल का, दहा वर्षांनी हात असाच चालेल का? अशांना शेवटच्या पानांवर एकत्र लिही. त्यांना सोबत घेऊनच चालायचं असतं. त्यांची जागा ठरली की त्या बाकीच्या प्रश्नांत मिसळत नाहीत.

पैशाची भीती आकड्यात उतरव

‘इतकी किंमत कोण देईल?’ असं लिहिलंस की त्याच पानावर हिशेब मांड. समज, एका ओढणीला कापड २२० रुपये, रंग ४०, धुणं-वाळवणं ३०, मजुरी १५०, भाडं-विजेचा वाटा ४० आणि नासाडीचे २०. झाले ५००. तू किंमत ठेवलीस ८०० आणि दुकानदाराने ४० टक्के ठेवून घेतले, तर तुझ्या हाती ४८० येतात. दर ओढणीमागे २० रुपये पदरचे गेले, आणि विक्री जितकी वाढेल तितका तोटाही वाढेल. किंमत १,१०० ठेवलीस तर हाती ६६० येतात. आता प्रश्न बदलला: ‘१,१०० रुपये देणारं गिऱ्हाईक कुठे भेटेल?’ हा शोधता येण्यासारखा प्रश्न आहे.

मजुरीत स्वतःची मजुरी धर. आपल्या घरांत बायका स्वतःचे हात फुकट समजतात आणि मग धंदा चालतोय असा भास होतो.

याच पानाखाली, मन शांत असेल त्या दिवशी, एक रेघ ओढ: घरखर्चाचे किती महिने बाजूला ठेवले तर मी नोकरी सोडेन, आणि किती रक्कम गेली तर थांबेन. कोणत्या पैशाला हात लावणार नाही तेही लिही. आईच्या औषधपाण्याचा पैसा, मुलांची फी. ही रेघ आधी ओढलेली असेल तर अडचणीच्या दिवशी ती घाबरलेल्या मनाने ओढावी लागत नाही.

स्वप्नाचा सगळ्यात लहान नमुना शोध

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण लक्षात ठेव. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला, तेव्हा हिंदुस्थानात कथाचित्रपट काढायला पैसे द्यायला कोण धजावणार होतं? त्यांनी वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणभरात उलगडली. ते छोटं चित्र त्यांनी मोजक्या माणसांना दाखवलं आणि कर्ज उभं राहायला त्याची मदत झाली. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. घरात पत्नी सरस्वतीबाई पाठीशी होत्या, हेही विसरू नकोस.

तुझ्या डाव्या पानावर जे मोठं लिहिलं आहेस, त्याचं वाटाण्याचं रोप कोणतं? शंभर ओढण्यांऐवजी दोन नक्षींच्या दहा. दुकानाच्या भाड्याऐवजी दिवाळीआधीच्या एखाद्या प्रदर्शनात अर्धा स्टॉल. नोकरी सोडण्याऐवजी एक महिन्याची रजा. स्टॉलवरून आलीस की त्याच रात्री लिही: कोणी हात लावला, कोणी किंमत विचारून ठेवून दिलं, कोणी घेतलं, काय बोललं. चार दिवसांनी लिहिशील तर कौतुकच आठवेल.

‘लोक’ म्हणजे कोण, त्यांची नावं लिही

लोक काय म्हणतील, असं उजव्या पानावर आलं की तिथेच थांब आणि चेहरे आठव. बहुधा दोन-तीनच निघतात. प्रत्येकाच्या नावापुढे लिही: हा माझं गिऱ्हाईक होणार आहे, की घरखर्चात माझ्याबरोबर आहे, की नुसता पाहणारा? गिऱ्हाइकाचं ऐकून घे. घरातल्या माणसाशी वही मिटून समोर बसून बोल, कारण त्याचीही भीती असते आणि ती तुझ्या भीतीइतकीच खरी असते. पाहणाऱ्याचं पान उलट.

जड पानांना वेळ आणि मुदत दे

कधी लिहिता लिहिता जुनं काही वर येईल. कोणी तुझ्या चित्राला नावं ठेवली होती, घरात एखादा धंदा बुडाला होता, वडिलांनी त्या दिवसांत किती सोसलं. ते टाळू नकोस. जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील या संशोधकांनी १९८६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांचं मन जड झालं होतं. म्हणून माझं सांगणं: असं पान लिहिलंस त्या दिवशी कोणताही व्यवहार ठरवू नकोस. आणि लिहूनही झोप उडालेलीच राहिली, घास उतरेना झाला, तर वही बाजूला ठेव आणि जाणत्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोल.

महिनाअखेर दुसऱ्या शाईने वाच

रोज पानभर लिहायलाच हवं असं नाही. आठवड्यातून तीनदा, पण तारीख घालून आणि हाताने. ही वही कोणाला दाखवायची नाही, मलाही नाही. दाखवायची ठरली की माणूस शोभिवंत लिहू लागतो. महिना संपला की लाल पेन घेऊन आधीची पानं वाच. जी भीती सुटली तिच्यापुढे खूण कर. जी पुन्हा पुन्हा आली ती वर्तुळात घे. हिशेब जमला, नमुना उतरला, तरी तीच भीती येत असेल तर तिच्या मागे दुसरं काही दडलेलं आहे. पुष्कळदा ती स्वप्नाचीच बाजू असते: एखादी वस्तू तू केवळ खपते म्हणून करते आहेस आणि मनाला ती नको आहे.

एक पूर्ण हंगाम, श्रावणापासून दिवाळीपर्यंत, अशी वही भर. मग नोकरीचं ठरव. तोवर तुझ्याजवळ रंगाचे तुकडे असतील, खरे आकडे असतील, दहा-वीस गिऱ्हाइकांची बोलणी असतील आणि स्वतःच्या मनाची ओळख असेल. त्यातून ‘हो’ निघो वा ‘अजून नाही’ निघो, मी तुझ्याबरोबर आहे.

आणि आजीचा शेवटचा मंत्र: घरच्यांना माल फुकट वाटू नकोस, त्यानेच किंमत सांगताना जीभ अडखळायची सवय लागते. तुझी पहिली ओढणी मी घेणार आहे, आणि अकराशे रुपये मोजून घेणार आहे. ते पैसे घे आणि वहीत लिही.