कर्नल एकदाच सांगतो, गं

परवा फोनवर तू कुरकुरलीस, "ताई, टीममधलं सगळ्यांत कंटाळवाणं काम माझ्याच गळ्यात पडलंय. सर्व्हरच्या कर्नलचे लॉग आपल्या लॉगिंग सर्व्हिसमध्ये आणायचे. कोण बघतं गं ते?" मी घाईत होते, नुसतं हं-हं केलं. पण फोन ठेवल्यावर राहवेना. या कामाशी जोडलेली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुला सांगते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळायचे. महिनाअखेरीच्या एका रात्री डेटाबेस बंद पडला. चालू केला, तासाभरात पुन्हा पडला. त्याच्या लॉगमध्ये शेवटी एक लांबलचक क्वेरी दिसत होती आणि पुढे काहीच नाही. ना एरर, ना इशारा. ती क्वेरी लिहिली होती नुकत्याच लागलेल्या एका मुलाने. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्याचं नाव घेतलं. तो मान खाली घालून बसला, एक शब्द बोलला नाही.

दोन दिवसांनी एका जुन्या सहकाऱ्याने त्याच सर्व्हरवर कर्नलचे मेसेज दाखवणारी 'डीमेसेज' ही कमांड चालवली. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', पुढे डेटाबेसचं नाव आणि त्याने किती मेमरी धरली होती तो आकडा. त्याच्याच वर त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी. त्या यादीत बॅकअपच्या एका कामाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू दिसत होत्या. त्या बॅकअपची वेळ मीच लावलेली होती.

नीट लक्ष दे, कारण सगळी गोम इथेच आहे. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल साधारणपणे सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला मारतो. मेमरी खेचून संपवणारा भलताच असू शकतो. आणि मारताना जो सिग्नल पाठवतो, तो 9 नंबरचा. तो अडवता येत नाही, थोपवता येत नाही. मरणाऱ्या प्रोग्रामला आपल्या लॉगमध्ये एक अक्षर लिहायचीसुद्धा सवड मिळत नाही. म्हणून ॲप्लिकेशनचा लॉग असा मध्येच तुटला, कंटेनर 137 हा आकडा देऊन बंद पडला (128 अधिक 9, तोच सिग्नल), की आधी कर्नलचं म्हणणं वाच. माणसाचं नाव त्याच्यानंतर.

आता तुझ्या कामाचं बोलू.

कर्नल जे बोलतो ते मेमरीतल्या एका ठरावीक जागेत साठतं. त्याला रिंग बफर म्हणतात. रहाटगाडगं आठव: नवं पाणी वर येतं तसं जुनं सांडून जातं. या जागेचा डिफॉल्ट आकार 2 चा 17वा घात, म्हणजे अवघे 128 केबी. काही डिस्ट्रिब्युशन तो जास्त ठेवतात, पण तरीही तो छोटाच. एखादी नेटवर्क केबल सैल झाली आणि कार्ड सारखं 'लिंक अप, लिंक डाउन' म्हणू लागलं, की रात्रीतली महत्त्वाची ओळ सकाळपर्यंत सांडून जाते. मशीन रीबूट झालं तर सगळंच जातं. माझ्या त्या सहकाऱ्याला ती ओळ सापडली, कारण आम्ही फक्त डेटाबेस पुन्हा चालू केला होता, मशीनला हात लावला नव्हता. म्हणून सांगते, बूटच्या वेळी 'लॉग-बफ-लेन' या पॅरामीटरने ही जागा वाढवून घे. एक-दोन एमबी आजच्या मशीनला काहीच नाही.

मग या गाडग्यातून पाणी काढायचं कसं? वाटा दोन आहेत. जुनी वाट म्हणजे 'प्रॉक' फोल्डरमधली 'केमेसेज' फाइल. तिथे एकाने वाचलं की तो मेसेज दुसऱ्याला मिळत नाही. दोन एजंट तिथे बसवलेस तर अर्ध्या ओळी याच्याकडे, अर्ध्या त्याच्याकडे जातील आणि दोघांनाही गोष्ट पुरी कळणार नाही. नवी वाट 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'केमेसेज'ची. 2012 सालच्या लिनक्स 3.5 पासून तिथे प्रत्येक वाचणाऱ्याला स्वतंत्रपणे सगळं वाचता येतं. सिस्टम-डीचं जर्नल हीच वाट वापरतं. तूही तीच धर.

तिथली एक नोंद अशी दिसते: '3,1482,93600000000,-;' आणि अर्धविरामानंतर मजकूर. घाबरू नकोस, एकेक आकडा बघू.

पहिला 3 म्हणजे गांभीर्य. 0 ते 7 असे आठ स्तर, आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. 0 म्हणजे सगळं कोसळलं, 3 म्हणजे एरर, 4 म्हणजे वॉर्निंग, 7 म्हणजे डीबगची बारीकसारीक बडबड. सिसलॉगमध्ये हा आकडा काढताना बोलणाऱ्याच्या गटाचा क्रमांक आठाने गुणून त्यात स्तर मिळवतात. कर्नलचा गट शून्य, म्हणून त्याचे आकडे 0 ते 7 मध्येच राहतात. इथे 30 दिसला तर समज: तीन आठे चोवीस अधिक सहा, म्हणजे कुठल्यातरी डीमनने स्वतःचं म्हणणं इथे आणून टाकलंय. बाहेरच्या कुणाला या वाटेने कर्नलच्या गटाचा शून्य लावून लिहिता येत नाही, तेव्हा खरा कर्नल ओळखायला हा आकडा पुरतो.

दुसरा 1482, हा क्रमांक. तो एकेकाने वाढत जातो. तुझ्या सर्व्हिसमध्ये 1482 नंतर थेट 1530 आला, तर मधल्या 47 नोंदी हरवल्या. हा क्रमांक जपून ठेव आणि खंड पडला की कळेल अशी सोय कर. हरवलेल्या ओळी परत मिळणार नाहीत, पण हरवल्या हे तरी कळेल. कळलंच नाही, तर 'काहीच घडलं नाही' असं समजून आपण निवांत राहतो.

तिसरा आकडा वेळेचा, पण घड्याळातल्या वेळेचा नव्हे. मशीन चालू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद. वरचा आकडा म्हणजे 26 तास. मशीन मध्ये झोपवलं असेल तर तेवढा काळ यात धरला जात नाही, म्हणून डीमेसेजने दाखवलेली तारीख-वेळ चुकू शकते. तिच्या मॅन्युअलमध्येच तसा इशारा आहे. तेव्हा तू दोन्ही वेळा साठव: कर्नलने दिलेली आणि तुझ्या एजंटला मेसेज मिळाला ती. सोबत बूट-आयडीही ठेव, नाहीतर दोन वेगवेगळ्या बूटच्या ओळी एकमेकींत मिसळतील आणि गुंता सोडवता येणार नाही.

आता गाळणीबद्दल. 'मेसेजमध्ये एरर शब्द असेल तरच ठेवू' असं सुचवणारं कुणीतरी तुला भेटेलच. ऐकू नकोस. एखादी प्रोसेस 120 सेकंदांपेक्षा जास्त अडकून पडली की कर्नल लिहितो, 'इन्फो: टास्क अमुक ब्लॉक्ड'. शब्द 'इन्फो' असला तरी स्तर 3 असतो, एररचा. शब्दावर गाळलंस तर ही ओळ गेलीच म्हणून समज. उलट 'अमुकने ओओएम-किलरला बोलावलं' (ओओएम-किलर म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) ही ओळ वॉर्निंगच्या स्तरावर येते, म्हणून नुसते एरर ठेवून भागत नाही. 0 ते 4 सगळं जप, 5 आणि 6 थोडे कमी दिवस ठेव, आणि गाळायचंच तर आकड्यावर गाळ.

मेमरीच्या ओळीत आणखी एक बारकावा आहे. नुसतं 'आउट ऑफ मेमरी' म्हणजे अख्ख्या मशीनची मेमरी संपली. 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' म्हणजे मशीनमध्ये जागा होती, पण त्या कंटेनरला आखून दिलेली मर्यादा भरली. पहिल्यात मशीनवरची गर्दी कमी करावी लागते. दुसऱ्यात मर्यादा तपासायची, नाहीतर प्रोग्रामची गळती शोधायची. या दोघांचे अलर्ट वेगवेगळे ठेव, रात्री उठणाऱ्याचा अर्धा तास वाचेल. आणि कंटेनर कितीही असले तरी मशीनचा कर्नल एकच असतो, म्हणून वाचणारा एजंटही मशीनमागे एकच हवा, कंटेनरमागे नको.

काही वेळा कर्नल एकच गोष्ट पन्नास ओळींत सांगतो. 'कट हिअर' अशी रेघ येते, मग कॉल ट्रेस, शेवटी 'एंड ट्रेस'. प्रत्येक ओळ वेगळी नोंद म्हणून येते. सर्व्हिसमध्ये त्या सगळ्या जोडून एक घटना कर. सुट्या ओळी म्हणजे फाडलेलं पत्र.

कधी 'कॉलबॅक्स सप्रेस्ड' अशी ओळ आकड्यासकट दिसेल. तोच तो मेसेज फार वेगाने येऊ लागला की कर्नल स्वतःला आवरतो. नेहमीचा हिशेब 5 सेकंदांत 10. त्या आकड्याएवढे मेसेज त्याने गिळले, असा त्याचा अर्थ. ही ओळ कचरा समजून टाकू नकोस, तो आकडा मोजणीत धर. फायरवॉल प्रत्येक पॅकेटची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये करत असेल, तर ते लिखाण एन-एफ-लॉगच्या वेगळ्या वाटेने वळव, म्हणजे इथे मोकळी जागा राहील. आणि आर-सिसलॉग कर्नलकडूनही वाचतोय आणि जर्नलकडूनही, असं होत नाही ना, ते बघ. तसं झालं तर प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते आणि लोकांचा अलर्टवरचा विश्वास उडतो.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगते. हे लॉग त्या मशीनबाहेर ने. डिस्क मरायला लागते तेव्हा कर्नल 'आय-ओ एरर' म्हणतो, मग बऱ्याचदा फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती माउंट करतो. त्यानंतर ज्या डिस्कवर लॉग लिहायचा, तीच लिहून घेत नाही. जर्नलचंही तसंच: 'व्हार-लॉग-जर्नल' ही डिरेक्टरी नसेल तर डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते मेमरीतच राहतं आणि रीबूटसोबत जातं. ती डिरेक्टरी आहे ना, आजच बघ. असली की मागच्या बूटचे कर्नल लॉगही 'जर्नल-सीटीएल'मधून वाचता येतात. मशीन पूर्ण पॅनिक झालं तर एजंटलाही धावता येत नाही. त्यासाठी नेटकन्सोल आहे, तो मेसेज यूडीपीने थेट दुसऱ्या मशीनकडे पाठवतो. आणि पीस्टोअर आहे, तो शेवटचे शब्द फर्मवेअरसारख्या रीबूटमध्ये टिकणाऱ्या जागेत ठेवतो. मोजक्या महत्त्वाच्या सर्व्हरवर तरी हे लाव.

आणि हो, एजंटला सरसकट रूट करू नकोस. कर्नलचा लॉग वाचण्यापुरती 'कॅप-सिसलॉग' ही परवानगी वेगळी मिळते, तेवढीच दे. या लॉगमध्ये मेमरीचे पत्ते आणि हार्डवेअरचे सिरियल नंबर असतात. ते कोण बघू शकतं, हेही ठरव.

त्या मुलाचं काय झालं, हे तू विचारणारच. डीमेसेजची ती ओळ बघितली त्याच दिवशी मी मीटिंग पुन्हा बोलावली. ज्या माणसांसमोर त्याचं नाव घेतलं होतं, त्यांच्यासमोरच ती ओळ पडद्यावर दाखवली आणि त्याची माफी मागितली. तो "असू दे, मॅडम" म्हणाला. पण मधले दोन दिवस त्याचे कसे गेले असतील, ते आजही माझ्या मनातून जात नाही. ती ओळ पहिल्याच मिनिटाला आमच्या स्क्रीनवर आली असती, तर ते दोन दिवस त्याच्या वाट्याला आलेच नसते. तुला मिळालेलं काम हे आहे, बाळा.

सगळं लावून झालं की टेस्ट सर्व्हरवर रूट होऊन 'सिसआरक्यू-ट्रिगर' या फाइलमध्ये एकच अक्षर लिही: एच. कर्नल स्वतः मदतीची एक ओळ छापतो, बाकी काही करत नाही. अक्षर दोनदा तपास. बी लिहिलंस तर मशीन तत्क्षणी रीबूट होतं, सी लिहिलंस तर क्रॅश. मग सर्व्हिसच्या स्क्रीनकडे बघत राहा. ती ओळ इन्फोच्या स्तराची असते, तेव्हा तुझ्या गाळणीचीही परीक्षा होईल. ती किती सेकंदांनी उमटली, ते मोज आणि मला फोन कर. या वेळी घाईत नसेन.