साती आसरा

जालना जिल्ह्यातील वडीगोद्री हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. तेथून दक्षिणेस गेले म्हणजे शहागडजवळ गोदावरीचे विशाल पात्र लागते. ह्या गोदाकाठी, किंबहुना महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी, नदीच्या डोहापाशी किंवा जुन्या विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात लहान दगड ओळीने मांडलेले आढळतात. ह्याच साती आसरा. त्या पाण्यात राहतात, अशी लोकांची श्रद्धा आहे.

‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ ह्या शब्दावरून आला. संस्कृतात ‘अप्’ म्हणजे पाणी. अप्सरा म्हटले की इंद्राच्या सभेतील नर्तकी डोळ्यांपुढे येतात. परंतु त्यांचे मूळ घर पाणी हेच होय. शतपथ ब्राह्मणातील कथेत उर्वशीच्या शोधात भटकणारा पुरूरवा एका कमळांच्या सरोवरापाशी येतो, तेव्हा अप्सरा तेथे जलपक्ष्यांच्या रूपाने पोहत असतात.

सातजणींची नावे तर फारच बोलकी आहेत : मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर असे डोहातील रहिवासीच जणू देवी होऊन बसले आहेत!

स्त्रिया आसरांना हळदकुंकू, खण आणि हिरव्या बांगड्या वाहतात. पण त्या कोपल्या तर माणसाला पाण्यात ओढून नेतात, असेही सांगतात. नदीवरून आलेले पोर तापाने फणफणले की ‘आसरा लागली’ म्हणत. तापाला औषधच हवे, हे खरे. तथापि, ‘भर दुपारी एकट्याने डोहावर जाऊ नये’ ही वडीलधाऱ्यांची ताकीद पोकळ नव्हती. नदी वळते तेथे प्रवाह बाहेरचा काठ व तळ कोरीत जातो. एका पावलाला गुडघाभर असलेले पाणी दुसऱ्या पावलाला डोक्यावरून जाते. दुपारी काठ ओस असतो. हाक ऐकायला कोणी नसते.

पुढे पैठणला जायकवाडी धरण झाले. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने गोदेचे पाणी अंबड तालुक्याच्या शिवारात आले. कालव्यात वळणाचे डोह नसतात. पण त्याच्या उतरत्या बाजू शेवाळाने निसरड्या होतात आणि आत पडलेल्याच्या हाती झाडाचे एखादे मूळही लागत नाही.