शस्त्रक्रिया आणि रक्तरक्षण

पेन्सिलीस टोंक करतांना बोट कापलें तर आपण तें घट्ट दाबून धरतों आणि थोड्याच वेळांत रक्त थांबतें. परंतु मोठी रक्तवाहिनी तुटली असतां इतक्यानें भागत नाहीं. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. त्यांतील २ लिटर अल्पावधींत गेलें तर प्राणावर बेततें. म्हणून शस्त्रक्रियेचा इतिहास हा पुष्कळ अंशीं रक्त राखण्याचाच इतिहास होय.

सुश्रुतसंहितेंत रक्तस्राव थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत. तुरट औषधांनीं व्रण सांधावा, शीतोपचारानें रक्त गोठवावें, भस्माचा उपयोग करावा, आणि हे तिन्ही निष्फळ झाले तरच डाग द्यावा. युरोपांतही शतकानुशतकें तापलेल्या लोखंडाचाच आधार होता. सोळाव्या शतकांत आंब्रोआज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें जखमी सैनिकांचे अवयव कापतांना डागणें सोडून रक्तवाहिन्या दोऱ्यानें बांधण्याचा पुरस्कार केला. पुढें १९२६ सालीं अमेरिकेंत कुशिंग यांनीं बोवी यांच्या विद्युत्‌यंत्राचा उपयोग मेंदूच्या शस्त्रक्रियेंत केला. डाग पुनः आला. पण आतां तो हव्या त्याच ठिकाणीं, सूक्ष्म टोंकानें देतां येऊं लागला.

गेलेलें रक्त भरून काढण्याचा मार्ग लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं रक्तगट शोधून मोकळा केला. ‘ओ’ गटाचें रक्त कोणासही चालतें, अशी पुढें समजूत रूढ झाली. तिला धक्का बसला तो आपल्या मुंबईंत. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं अशा व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली कीं, ज्यांचें रक्त तपासांत ‘ओ’ सारखें दिसे, परंतु ‘ओ’ रक्तही त्यांस जुळेना. याचें कारण असें. ‘ए’ आणि ‘बी’ हीं द्रव्यें ‘एच’ नांवाच्या द्रव्यापासून बनतात. ‘एच’ हा पाया मानला, तर ‘ओ’ गटांत पाया असतो, भिंत नसते. या लोकांत पायाच नसतो. त्यामुळें त्यांचें शरीर ‘ओ’ रक्तासही परकें मानून त्याचा नाश करतें. या गटास ‘बॉम्बे रक्तगट’ हेंच नांव पडलें. अशा रोग्यास त्याच दुर्मिळ गटाचा दाता शोधावा लागतो.

म्हणून रक्त मिळविण्याइतकेंच तें वांचविणेंही महत्त्वाचें ठरतें. १९६२ सालीं जपानांत ओकामोटो दांपत्यानें ट्रॅनेक्झामिक ॲसिड हें औषध प्रसिद्धीस आणलें; तें झालेली गुठळी विरघळूं देत नाहीं. कांहीं शस्त्रक्रियांत सांडलेलें रक्त गोळा करून, यंत्रांत धुऊन, रोग्याच्याच शरीरांत परत घालतात.

इतकें होऊनही रोग्यांस पुरेल इतकें रक्त कोणत्याही कारखान्यांत बनत नाहीं. उद्यां पुंडलिकनगरांतील कोणास घाटी रुग्णालयांत न्यावें लागलें, तर त्याच्यासाठीं लागणारें रक्त दुसऱ्या कोणा माणसानेंच आधीं दिलेलें असलें पाहिजे. पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें. आणि विद्यार्थ्यांनीं आपला रक्तगट आजच जाणून घेऊन अठरा वर्षें पूर्ण होण्याची वाट पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.