घराचें कुंपण व फाटक

पावसाळा सरला म्हणजे पुष्कळ घरांचीं कुंपणें झुकलेलीं दिसतात. कोणी खांबाला दोरी बांधतो, कोणी दगडाचा टेकू देतो. पण पुढच्या आषाढांत तेंच कुंपण आडवें होतें, शेजाऱ्याच्या शेळ्या परसांतील भाजी फस्त करितात, आणि दोन घरांचें बोलणें बंद होतें. म्हणून कुंपण मुळांत कोठून मोडतें, याचा विचार आज आपण करूं.

१. हद्द. खड्डा खणण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलावून दोघांच्या देखत दोरी धरावी. संशय असल्यास सरकारी मोजणी करून घ्यावी. वीतभर जागेसाठीं भाऊबंद वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात; त्यापुढें मोजणीचा खर्च तो काय?

२. खांब. लांकडी खांब बहुधा जमिनीच्या पृष्ठभागालगत कुजतो. कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा हीं दोन्ही लागतात, आणि तीं तेथेंच एकत्र मिळतात. यास्तव सालीलगतचें पांढरें लांकूड तासून साग किंवा बाभळीच्या गाभ्याचा खांब घ्यावा, तो चांगला वाळवावा, आणि पुरावयाच्या भागास व त्यावर वीतभर डांबर लावावें. ७ फुटी खांब निदान २ फूट पुरावा. खड्ड्यांत माती एकदम न लोटतां मुरूम व खडे थोडथोडे घालून प्रत्येक थर धुमसानें ठोकावा. बुंध्याशीं उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तेथें खड्डा अधिक खोल असावा. तारेचा सारा ओढा कोपऱ्यांतील खांबांवर येतो, म्हणून त्यांस तिरका आधार द्यावा.

३. फाटक. चार पट्ट्यांची चौकट कितीही खिळे मारले तरी कलते. तिरकी पट्टी घालून तिचे त्रिकोण केले म्हणजे ती कलत नाहीं. लांकडी पट्टी खालच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे न्यावी, म्हणजे फाटकाचा भार तिच्यावाटे बिजागरीवर दाबला जातो. तार लावणें असेल तर नेमकें उलट करावें : वरच्या बिजागरीपासून कडीखालच्या कोपऱ्याकडे, कारण तार ओढ धरते, दाब सोशीत नाहीं. आम्हीं स्वतः एकदां लांकडी पट्टी उलट ठोकिली होती. एका पावसाळ्यांत खिळे सैल झाले व कडी कोयंड्यास पोहोंचेना!

४. दुरुस्ती. खिळे व हातोडा घेण्याआधीं खांब हलवून पाहावा. बुंध्याची माती वीतभर उकरून टोकदार लोखंड टोंचावें. लांकूड टणक असेल तर मुरूम पुन्हां ठोकणें पुरे. मऊ लागलें तर खांब बदलावा. फाटक झुकलें असल्यास प्रथम खांबास ओळंबा लावावा, मग बिजागऱ्या, आणि शेवटीं तिरकी पट्टी तपासावी.

एक गोष्ट मात्र कधींही करूं नये. रानडुकरांच्या भयानें कोणी कोणी घरांतील विजेचा प्रवाह तारेंत सोडितात. त्या तारेस शेजाऱ्याचें लेंकरूं शिवलें, तर तें जिवानिशीं जाईल. कुंपण राखण्यासाठीं आहे, मारण्यासाठीं नव्हे.

विचारासाठीं प्रश्न : (१) आपल्या कुंपणाचा कोणता खांब हलतो, व कां? (२) आपल्या फाटकाची पट्टी कोणत्या कोपऱ्यापासून निघते? (३) आपली हद्द शेजाऱ्यास मान्य आहे काय? नसल्यास, पहिला खड्डा खणण्यापूर्वीं त्याच्या दाराशीं जाणें बरें.