तांबड्या पेशी आणि परक्याचें रक्त



रक्ताचें नातें, रक्ताचा गुण, रक्त उसळणें, असे शब्दप्रयोग आपण नित्य करतों. परंतु एकाचें रक्त दुसऱ्यास कां चालतें, आणि कधीं कां चालत नाहीं, असें कोणीं विचारलें तर आपल्यापैकीं पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. हें उत्तर शोधण्यास मनुष्यजातीस अडीच शतकांच्या आसपास काळ लागला, व तें हातीं नव्हतें तोंपर्यंत अनेकांचे प्राण गेले. ती हकीकत येथें संक्षेपानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेशींचें स्वरूप.— बोटास सुई टोंचली असतां जो थेंब बाहेर येतो तो नुसत्या डोळ्यांस एकजीव दिसतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मात्र पिंवळसर द्रवांत असंख्य चकत्या तरंगतांना दिसतात. याच तांबड्या पेशी होत. हॉलंडमधील लीउवेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून पाहून इ. स. १६७४ मध्यें त्यांचें वर्णन केलें. ही पेशी दोहों बाजूंनीं मध्यभागीं खोलगट असते. सुमारें एकशेंतीस पेशी एका ओळींत मांडल्या तर मिलिमीटरभर अंतर भरेल, इतकी ती लहान आहे. निरोगी पुरुषाच्या एका घनमिलिमीटर रक्तांत अशा सुमारें ५० लाख पेशी असतात. स्त्रियांच्या रक्तांत थोड्या कमी.

प्राणवायु वाहून नेणें हें तिचें मुख्य काम. त्याकरितां तिच्यांत हिमोग्लोबिन नांवाचें लोहयुक्त द्रव्य ठासून भरलेलें असतें, आणि त्यास जागा व्हावी म्हणून कीं काय, तिनें आपलें केंद्रसुद्धां टाकून दिलेलें असतें. केंद्र नसल्यामुळें तिला स्वतःची डागडुजी फारशी करतां येत नाहीं. सुमारें १२० दिवसांत तिचें आयुष्य संपतें. इकडे हाडांतील मगज दर सेकंदास सुमारें २० लाख नव्या पेशी तयार करीत असतो. निरोगी मनुष्यानें योग्य अंतरानें रक्त दिलें असतां त्यास अपाय होत नाहीं, याचें कारण हेंच: गेलेला द्रव एक-दोन दिवसांत व गेलेल्या पेशी कांहीं आठवड्यांत भरून येतात.

पहिले प्रयोग.— इ. स. १६६७ मध्यें पॅरिस येथें झां बाप्तिस्त दनी या वैद्यानें एका मुलास कोंकराचें रक्त दिलें. मुलगा वांचला, पण पुढें दुसरा एक रोगी दगावला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि फ्रान्समध्यें असे प्रयोग बंद पडले. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं, इ. स. १८१८ मध्यें, लंडनचे डॉक्टर जेम्स ब्लंडेल यांनीं मनुष्यास मनुष्याचेंच रक्त देण्यास आरंभ केला. प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊन डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया त्यांनीं पाहिल्या होत्या. त्यांचे कांहीं रोगी वांचले, कांहीं दगावले. आणि कोण वांचेल हें आधीं सांगण्याचा कांहींच मार्ग नव्हता.

लांडस्टायनर यांचा शोध.— हें कोडें व्हिएन्ना येथील कार्ल लांडस्टायनर यांनीं सोडविलें. त्यांनीं आपलें व आपल्या सहकाऱ्यांचें रक्त घेतलें, रक्तजल व पेशी वेगवेगळ्या केल्या, आणि प्रत्येकाचें रक्तजल प्रत्येकाच्या पेशींशीं मिसळून पाहिलें. कांहीं जोड्यांत पेशी मोकळ्या राहिल्या. कांहींत त्यांचे पुंजके झाले. इ. स. १९०१ मध्यें त्यांनीं रक्ताचे तीन गट प्रसिद्ध केले; पुढल्याच वर्षीं त्यांच्या सहकाऱ्यांस चौथा सांपडला. या कामाबद्दल त्यांस इ. स. १९३० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

नियम असा आहे. ज्याच्या पेशींवर ए हें द्रव्य आहे तो ए गटाचा. बी आहे तो बी गटाचा. दोन्ही आहेत तो एबी. एकहि नाहीं तो ओ. आणि जें द्रव्य आपल्या पेशींवर नाहीं त्याच्या विरुद्धचें प्रतिद्रव्य आपल्या रक्तजलांत असतें. एवढें ध्यानांत ठेवलें कीं बाकीचें गणित आपोआप सुटतें. कांचेच्या पट्टीवर रक्ताचे दोन थेंब घ्यावे. एकांत ए-विरोधी व दुसऱ्यांत बी-विरोधी द्रव मिसळावा. पहिल्यांत पुंजके झाले तर गट ए; दुसऱ्यांत झाले तर बी; दोहोंत झाले तर एबी; कोठेंच झाले नाहींत तर ओ. पुढें इ. स. १९४० मध्यें लांडस्टायनर व वीनर यांनीं ऱ्हीसस नांवाचा घटक प्रसिद्ध केला. गटापुढें आपण धन किंवा ऋण म्हणतों तें त्यावरून.

मुंबईचा गट.— इतकें झाल्यावर सर्व समजलें असें वाटणें साहजिक होतें. परंतु इ. स. १९५२ मध्यें मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं तीन व्यक्तींचें रक्त असें दाखविलें कीं, तें कोणत्याच चौकटींत बसेना. पेशी दोन्ही थेंबांत मोकळ्या राहिल्या. म्हणजे गट ओ असावयास पाहिजे होता. पण त्यांचें रक्तजल ओ गटाच्या पेशींचेहि पुंजके करी! उलगडा असा झाला: ए व बी हीं द्रव्यें एच नांवाच्या पायावर रचलेलीं असतात. ओ गटांत इमारत नसते, पण पाया असतो. या व्यक्तींत पायाच नव्हता. म्हणून त्यांच्या रक्तजलांत एच-विरोधी प्रतिद्रव्य होतें. सर्वांस चालतें असें समजलें जाणारें ओ गटाचें रक्त अशा रोग्यास दिलें तर त्याचा प्राण जाऊं शकतो. त्यास त्याच गटाचें रक्त पाहिजे. आज जगभर वैद्यकांत हा गट मुंबईच्याच नांवानें ओळखतात. यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, नुसता गट जाणून भागत नाहीं. रक्त देण्यापूर्वीं दात्याच्या पेशी व रोग्याचें रक्तजल प्रत्यक्ष मिसळून पाहिलेंच पाहिजे.

सांठवण व नवें संशोधन.— रक्त बाटलींत घेतांच गोठूं लागतें. इ. स. १९१४ मध्यें सोडियम सायट्रेट घालून तें पातळ ठेवण्याची युक्ति साधली, आणि पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांस सांठविलेलें रक्त देतां आलें. आज पोषक द्रावण घालून तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस उष्णमानांत ४२ दिवस ठेवतां येतात, त्यापुढें नाहीं. इ. स. १९८२ मध्यें हिरव्या कॉफीच्या बियांतील एका पाचक द्रव्यानें बी गटाच्या पेशींवरील खूण काढून त्या ओ सारख्या करून दाखविण्यांत आल्या. इ. स. २०२२ मध्यें इंग्लंडांत प्रयोगशाळेंत वाढविलेल्या तांबड्या पेशी दुसऱ्या मनुष्यास प्रथमच टोंचण्यांत आल्या; पण त्यांचें प्रमाण एक-दोन चमच्यांएवढें होतें. रुग्णालयाची गरज भागेल इतकें रक्त यंत्रांतून अद्याप निघत नाहीं. थॅलेसीमिया झालेल्या ज्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त लागतें, तें कोणा तरी मनुष्याच्या दंडांतूनच यावें लागतें.

उपसंहार.— इ. स. १९४२ पासून अमेरिकन रेड क्रॉस गोऱ्यांचें व काळ्यांचें रक्त निरनिराळें ठेवीत असे. ही रीत इ. स. १९५० मध्यें सुटली. शास्त्रास तीं रक्तें वेगळीं ओळखतां येत नव्हतीं. भेद होता तो बाटलीवरील चिठ्ठींत. आपणांकडेहि अशा चिठ्ठ्या थोड्या नाहींत. सख्ख्या भावाचें रक्त भावास न जुळावें आणि ज्याच्या हातचें पाणी एकेकाळीं वर्ज्य मानलें त्याचें तंतोतंत जुळावें, असें वारंवार घडतें. पेशीवर ए असतें, बी असतें. जात कोठेंच लिहिलेली नसते.

रक्त विकण्याचा धंदा आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेनें इ. स. १९९८ पासून बंद झाला आहे. तेव्हां जें मिळावयाचें तें दानानेंच. दात्याचें वय निदान १८ वर्षें असावें लागतें, म्हणून तुमच्यापैकीं बहुतेकांस अजून थांबावें लागेल. परंतु आपला गट जाणून घेणें, पालेभाजी व कडधान्यें खाऊन अंगांतील लोह राखणें, आणि रक्त दिल्यानें अशक्तपणा कायमचा येतो असें म्हणणाऱ्या वडील मंडळींस मगजाची ती दर सेकंदाची वीस लाखांची गोष्ट नम्रपणें सांगणें, एवढें तर आजच करतां येईल.